फर्मवेअर उडालंय म्हणतात, पण कमांड मारायची घाई करू नका

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. घर मालवणजवळ, वडिलांनी बरीच वर्षं दशावताराच्या नाटकांचं शूटिंग केलं, कॅसेटवरचं सगळं १ टीबीच्या एका एक्सटर्नल डिस्कमध्ये उतरवून ठेवलं आणि कॅसेटी नंतर बुरशी लागून गेल्या. आता डिस्क लावली की फिरते, खटखट आवाज नाही, पण कॉम्प्युटर पाच-पाच मिनिटं लटकतो आणि शेवटी डिस्क इनिशलाइज करा असं विचारतो, साइज दाखवतच नाही. दुकानदार म्हणाला फर्मवेअर उडालंय, टीटीएल केबल (डिस्कच्या बोर्डशी थेट बोलायची सिरियल केबल) लावून दोन कमांड मारल्या की दहा मिनिटांत काम होईल. तुम्ही तसा व्हिडिओ बघितला, केबल मागवली, आणि आत डिस्कवर एसटी१०००एलएम०३५ असं लिहिलंय. विचारताय की करू का.

नका करू. निदान तुमच्या या मॉडेलवर तरी त्या व्हिडिओतली कमांड अजिबात मारू नका. का ते नीट सांगतो, जरा लांबेल, पण तुमच्याकडे दुसरी कॉपी नाही म्हणून लांबवतोय.

रत्नागिरीत गेली सतरा वर्षं मी हेच काम करतो. फर्मवेअर उडालं या शब्दाखाली निदान चार वेगवेगळ्या गोष्टी लोक खपवतात, त्यामुळे आधी तो शब्द सोडवू. हार्ड डिस्क म्हणजे आत एक छोटा कॉम्प्युटरच असतो. खालच्या हिरव्या किंवा निळ्या बोर्डवर एक रॉम चिप असते, बहुतेक वेळा आठ पायांची, तिच्यात डिस्क जागी होण्यापुरता प्रोग्रॅम आणि त्या एकाच डिस्कच्या हेडना, म्हणजे डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकांना, जुळवलेली मापं असतात. पण बाकीचं बहुतेक फर्मवेअर बोर्डवर नसतं, ते प्लॅटरवरच, म्हणजे आत फिरणाऱ्या तबकडीवर, एका राखीव पट्ट्यात लिहिलेलं असतं. त्याला आम्ही सर्व्हिस एरिया म्हणतो, नुसतं एसए म्हणतो. तिथं कॉम्प्युटर कधीच पोचत नाही, फॉरमॅट मारलं तरी त्याला धक्का लागत नाही. त्या पट्ट्यात छोट्या छोट्या फाइली असतात ज्यांना मॉड्यूल म्हणतात (सीगेटवाले सिस्टिम फाइल म्हणतात): खराब जागांच्या याद्या, स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्याचे) लॉग, डिस्कचं नाव आणि साइज, आणि सगळ्यात महत्त्वाचा ट्रान्सलेटर. महत्त्वाच्या मॉड्यूलच्या सहसा दोन कॉपी असतात, वेगवेगळ्या हेडवर, एक वाचता नाही आली तर दुसरी.

आता हे बिघडतं कसं. मॉड्यूलमध्ये लिहिणं चालू असताना लाईट गेली, हे एक, आणि आपल्याकडे मे-जूनमध्ये लाईट कशी येते-जाते ते सांगायला नको. दुसरं म्हणजे प्लॅटरवर खराब सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचे छोटे कप्पे, वाढत जातात, डिस्क बिचारी प्रत्येकाची नोंद करत बसते, यादी फुगते, लॉग फुगतो आणि एक दिवस ती यादी सांभाळण्यातच डिस्क अडकून पडते. तिसरं, हेड कमजोर झालाय, त्याला एसए नीट वाचता येत नाही किंवा त्याहून वाईट म्हणजे वाचता येत नसताना तो तिथं लिहितो. या तिसऱ्यात फर्मवेअर हे नुसतं लक्षण आहे, रोग हेडमध्ये आहे. आणि माझ्या टेबलावर फर्मवेअर उडालंय म्हणून आलेल्या डिस्कांमध्ये हा तिसरा प्रकार मी इतक्यांदा बघितलाय की आता पहिला संशय तिथंच घेतो.

ट्रान्सलेटर समजला की बाकी सगळं समजेल, म्हणून त्यावर थोडं थांबतो. तुमच्याकडे हापूसची कलमं असतीलच. समजा मोठी बाग लावली आणि प्रत्येक कलमाला नंबर दिला. लावताना जिथं कातळ लागला तिथं खड्डा सोडून दिला आणि पुढच्या खड्ड्याला पुढचा नंबर दिला, आणि कुठले खड्डे सोडले ते एका वहीत लिहून ठेवलं. ही कारखान्यातली यादी, पी-लिस्ट. मग काही वर्षांनी मधली दोन-चार कलमं मेली, तर तोच नंबर गडग्याकडेच्या राखीव ओळीतल्या कलमाला दिला आणि ते दुसऱ्या वहीत लिहिलं. ही नंतर वाढलेली यादी, जी-लिस्ट. आता गड्याला फक्त नंबर माहिती, तुम्ही म्हणालात ४५०० नंबरचं कलम दाखव, तर तो या दोन वह्या बघून कुठला खड्डा ते सांगतो. तो हिशेब म्हणजे ट्रान्सलेटर. कॉम्प्युटर डिस्ककडे नुसता नंबर मागतो, जागा कुठली ते डिस्कनं शोधायचं असतं.

ट्रान्सलेटर खराब झाला की आंबे सगळे झाडावरच आहेत पण कुठलं झाड कुठल्या नंबरचं ते कुणालाच सांगता येत नाही. डिस्क शून्य साइज दाखवते ती अशा वेळी. मग ट्रान्सलेटर परत बनवायचा म्हणजे वह्या बघून नंबर परत घालायचे, त्याला रिजनरेट करणं म्हणतात, आणि तुमच्या व्हिडिओतली ती एम शून्यने सुरू होऊन दोन-दोन करत जाणारी कमांड हेच करते. पण वहीलाच वाळवी लागलेली असेल तर? मधली पाच पानं गेली, पाच कातळांची नोंद गेली, तर पहिल्या कातळापर्यंत नंबर बरोबर येतील आणि तिथून पुढं प्रत्येक नंबर सरकलेला. बाग दिसेल, नंबर दिसतील, आणि सगळे चुकीचे असतील.

हे मी स्वतः केलंय. २०१२ साली, एका फोटो स्टुडिओची ५०० जीबीची लॅपटॉपची डिस्क, सीगेटचीच. मी केबल लावली, कमांड मारली, डिस्क पूर्ण साइजने आली, फोल्डर आले, प्रत्येक लग्नाचं नाव तारखेसकट आलं. मी स्टुडिओवाल्यांना फोन करून सांगून टाकलं की झालं काम. मग फोटो उघडायला घेतले. पहिल्या एक-दोन फोल्डरमधले उघडले आणि पुढचे एकही नाही, कुठं वरची पट्टी चेहऱ्याची आणि खाली नुसता राखाडी रंग, कुठं तेही नाही. जी यादी वापरून मी नंबर घातले ती अर्धवट होती, आणि जुनी यादी, जुना ट्रान्सलेटर यातलं मी काहीच आधी वाचून ठेवलं नव्हतं. झेरॉक्स असती तर नंतर हिशेब लावता आला असता. अकरा लग्नं होती त्यात. त्या दिवसापासून माझा नियम एकच: डिस्कवर एक बाइटही लिहिण्याआधी रॉम आणि अख्खा एसए वाचून कॉम्प्युटरवर सेव्ह करायचा, वाचता येत नसेल तर का वाचता येत नाही ते शोधायचं, पण लिहायचं नाही.

मग ती कमांड इतकी फेमस झाली कशी हे तुम्ही विचाराल. त्याला खरं कारण आहे. २००८-०९ च्या सुमाराला सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ डिस्कांमध्ये एक चूक होती, डिस्कच्या आतल्या इव्हेंट लॉगचा काउंटर ठरावीक आकड्यावर, म्हणजे ३२० वर, असताना पॉवर बंद झाली की पुढच्या वेळी डिस्क चालू होतानाच अडकायची, कायम बिझी, बायोसला दिसायचीच नाही. कंपनीने जानेवारी २००९ मध्ये ते मान्य करून नवीन फर्मवेअर दिलं. त्या डिस्कांमध्ये हेड चांगला, प्लॅटर चांगला, याद्या चांगल्या, फक्त एक काउंटर अडकलेला. म्हणून लोकांनी बोर्ड सैल करून हेडच्या कॉन्टॅक्टमध्ये व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा सरकवायचा, कॉम्प्युटरवर टर्मिनल, म्हणजे डिस्कला कमांड लिहून द्यायची खिडकी, ३८४०० बॉडच्या वेगाला उघडायचं, मोटर थांबवायची, कार्ड काढायचं, मोटर परत चालू करायची, स्मार्ट पुसायचा आणि शेवटी ट्रान्सलेटर रिजनरेट करायचा ही पद्धत काढली आणि ती चालली. मीसुद्धा तेव्हा नोकियाची सीए-४२ डेटा केबल कापून त्याच्या तीन वायरी वापरून कितीतरी डिस्क उठवल्यात. पण तो इलाज त्या आजाराचा होता. आज वेगळ्याच डिस्कवर वेगळ्याच आजाराला तोच काढा पाजतायत.

तुमची एलएम०३५ ही त्यापेक्षा फार वेगळी गोष्ट आहे. आमच्या धंद्यात या फॅमिलीला रोझवुड म्हणतात. एकच प्लॅटर, दोन हेड, आणि लिहिण्याची पद्धत एसएमआर. एसएमआर म्हणजे कौलारू छपरासारखं, एका ट्रॅकवर दुसरा ट्रॅक थोडा चढवलेला, मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावरची अख्खी ओळ उचलावी लागते. प्रत्येक वेळी तसं करायला वेळ लागणार, म्हणून डिस्क नवीन आलेला डेटा आधी एका वेगळ्या राखीव जागेत टाकते, तिला मीडिया कॅश म्हणतात, आणि कुठल्या नंबरचा माल सध्या तिथं ठेवलाय त्याचा एक वेगळा नकाशा ठेवते. म्हणजे इथं दोन वह्यांवर आणखी तिसरी वही आली. आणि तुमच्या डिस्कची लक्षणं, फिरते, आवाज नॉर्मल, पण लटकते आणि साइज येत नाही, ही बऱ्याचदा ह्या तिसऱ्या वहीच्याच गडबडीची असतात. जुनी रिजनरेटची कमांड या फॅमिलीवर मारली तर ती हा नकाशा लक्षात घेऊन नंबर घालत नाही, कॅशमध्ये पडलेल्या डेटाचा पत्ताच पुसला जातो. मग डिस्क पूर्ण साइजची दिसते आणि आत वाचायला गेलं की जागोजागी शून्य. हे झाल्यावर जगातलं कुठलंही टूल काही करू शकत नाही. अशा डिस्क लोक आणून देतात तेव्हा त्यांना तसं सांगणं मला आजही जड जातं.

शिवाय या मॉडेलचं टर्मिनल कुलूपबंद असतं. केबल लावली तर डायग्नॉस्टिक पोर्ट लॉक्ड असं येईल आणि कमांड चालणारच नाही. ते उघडायला रॉम वाचून त्यात बदल करून परत घालावी लागते, आणि त्यासाठी पीसी-३००० नाहीतर एमआरटीसारखी मशीन लागते. पहिलं रशियातल्या एस लॅबचं, दुसरं चिनी. स्वस्त प्रोग्रामरने रॉम वाचता येते, सीएच३४१ मिळतो बाजारात, पण चिप बोर्डवर असतानाच क्लिप लावून वाचली तर बोर्डचा मुख्य प्रोसेसर मध्ये येतो आणि चुकीचा डेटा वाचला जातो, म्हणून मी चिप हॉट एअरने उतरवतो, दोनदा वाचतो, दोन्ही फाइली तंतोतंत जुळल्या तरच पुढं जातो. आणि हो, मूळ बोर्ड कधीच फेकू नका. दुसऱ्या डिस्कचा बोर्ड काढून लावला की चालते हे पंचवीस वर्षांपूर्वी चालायचं, आता रॉममधली मापं त्या एकाच डिस्कची असतात. वेस्टर्न डिजिटलच्या माय पासपोर्टमध्ये तर यूएसबी पोर्ट बोर्डवरच असतो आणि पुष्कळ मॉडेलमध्ये पासवर्ड लावला नसला तरी डेटा एन्क्रिप्टच असतो, तिथं मूळ बोर्ड हरवला की मामला फार अवघड होतो.

आता बरोबर पद्धत काय ते सांगतो, तुम्ही ज्याला द्याल त्याला विचारता येईल म्हणून. डिस्क आल्यावर मी आधी नुसतं ऐकतो आणि करंट किती घेते ते बघतो, मोटर पूर्ण वेगाला गेली का, हेड उतरल्याचा तो बारीक टिक आला का. मग बोर्ड उलटून कॉन्टॅक्ट बघतो. मग रॉम वाचून सेव्ह. मग टर्मिनल उघडून सगळ्या सिस्टिम फाइली, दोन्ही कॉपी, एकेक करून सेव्ह, आणि इथंच हेडची परीक्षा होते, एका हेडवरची कॉपी पटापट येते आणि दुसऱ्याची अडखळत येते तर मला उत्तर मिळालं की तो दुसरा हेड खराब व्हायला लागलाय. मग डिस्कची मागं चालणारी सगळी कामं बंद करतो, म्हणजे आपणहून सेक्टर हलवणं, मीडिया कॅश रिकामी करणं, लॉग लिहिणं. ही बंद झाली की डिस्क नुसती वाचायला मोकळी होते. मग गरज असेल तरच ट्रान्सलेटर, म्हणजे २८ नंबरची सिस्टिम फाइल, आणि तोही होता होईतो जुनी चांगली कॉपी परत घालून, नवीन बनवणं सगळ्यात शेवटी. यानंतर एकदा सेक्टर वाचता यायला लागले की थांबायचं. डिस्क दुरुस्त करणं हे काम नाहीच, एकदा शेवटचं वाचता येणं एवढंच काम आहे, आणि लगेच दुसऱ्या चांगल्या डिस्कवर क्लोन, म्हणजे सेक्टरला सेक्टर अशी अख्खी कॉपी, घ्यायला लावायचं, आधी चांगल्या हेडचा सगळा भाग, मग कमजोर हेडचा. फाइली त्या क्लोनमधून काढायच्या, मूळ डिस्कमधून नाही.

कॉन्टॅक्टचं म्हणालो त्यावर थोडं जास्त लिहितो कारण हे आपल्या किनाऱ्यावर फार होतं. बोर्ड डिस्कच्या पोटाला स्क्रूने आवळलेला असतो आणि हेडकडून येणाऱ्या पिना बोर्डवरच्या छोट्या चौकोनी ठिपक्यांवर नुसत्या टेकलेल्या असतात, सोल्डर नसतं. आपली खारी हवा आणि चार महिन्यांचा दमट पावसाळा, दोन-तीन वर्षांत ते ठिपके काळे पडतात. मग हेडचा सिग्नल अर्धवट पोचतो, एसए वाचताना चुका येतात, डिस्क नाव चुकीचं सांगते, वेस्टर्न डिजिटलच्या काही डिस्क तर मॉडेल नंबरच्या जागी रॉम मॉडेल हॉक असं काहीतरी सांगतात, आणि सगळ्यांना वाटतं फर्मवेअर गेलं. गेल्या जुलैत जयगडकडचा एक मच्छी व्यापारी डिस्क घेऊन आला, हिशेबाची, ३.५ इंची. त्याला आधी कुणीतरी फर्मवेअरचा खर्च सांगितला होता. मी टॉर्क्सचे स्क्रू काढून बोर्ड उलटा केला तर अठरा-वीस ठिपक्यांपैकी अर्धे काजळी फासल्यासारखे, आणि प्रत्येकाच्या बरोबर मधोमध पिनेने घासलेला टाचणीच्या टोकाएवढा चकचकीत डाग, तेवढ्यावरच ती डिस्क इतके दिवस तग धरून होती. शाळेतल्या पांढऱ्या मऊ खोडरबराने एकेक ठिपका हलक्या हाताने घासला, भुसा ब्रशने उडवला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, पंधरा मिनिटं सुकू दिलं, बोर्ड लावला. डिस्क आली. फर्मवेअरला हात लावावाच लागला नाही. लगेच क्लोन घेतला ते सोडा, पण विचार करा, याच डिस्कवर कुणी कॉन्टॅक्ट न बघता मॉड्यूल परत लिहिले असते तर अर्धवट सिग्नलने चांगल्या मॉड्यूलवर कचरा लिहिला गेला असता.

म्हणून डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा तो जुना उपायही आपल्याकडे करू नका. थंड डिस्क कोकणच्या हवेत बाहेर काढली की आंब्याच्या रसाच्या ग्लासावर येतं तसं पाणी तिच्या आतबाहेर धरतं. डिस्कला हवेसाठी एक छोटं भोक असतं, तिथून दमटपणा आत जातो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारात शिरलं त्यानंतर महिनाभर माझ्याकडे गाळाने भरलेल्या डिस्क येत होत्या, त्यातल्या ज्या लोकांनी घरी उन्हात वाळवून एकदा लावून बघितल्या त्या बहुतेक संपल्या, कारण आत गाळ सुकून बसला आणि हेड त्याच्यावरून फिरला. ज्यांनी ओल्याच पिशवीत बांधून आणल्या त्यांच्या काही निघाल्या. बुडालेली डिस्क चालू करायची नाही आणि वाळवायचीही नाही, ओलीच बांधून लॅबला द्यायची.

वेस्टर्न डिजिटलवाल्यांसाठी एवढंच, तुमची डिस्क दिसते, साइज बरोबर आहे, पण एक फोल्डर उघडायला अर्धा तास लागतो, तर हासुद्धा फर्मवेअरचाच प्रकार असतो. मॉड्यूल ३२ मध्ये हलवायच्या सेक्टरांची यादी तुंबलेली असते. ते मोकळं करता येतं, पण चेकडिस्क मारलं तर यादी आणखी तुंबते, आणि आधी क्लोनचा विचार करा. डिस्क अजून दिसत असेल तर लिनक्सवर डीडीरेस्क्यू हा कॉपी करायचा प्रोग्रॅम मॅप फाइलसकट (कुठपर्यंत वाचलं त्याची नोंद) चालवा, तो अडलेला भाग सोडून आधी सोपं वाचून घेतो आणि बंद पडलं तर तिथूनच पुढं चालू करता येतं. स्मार्टमध्ये १९७ नंबरचा आकडा (वाचायला अडलेल्या सेक्टरांचा) शून्याच्या वर गेला की मी वाट बघत नाही.

तर तुमच्यासाठी आता असं. डिस्क परत लावून बघू नका, एकदाही नाही, प्रत्येक वेळी ती मागचं काम पुढं रेटायला बघते आणि कॅशचा नकाशा बदलत जातो. इनिशलाइजला हो म्हणू नका. आतापर्यंत कुणी काही कमांड मारली असेल, दुकानदाराने दोन मिनिटं लावून बघितली असेल, तर ते लपवू नका, काय मारलं ते लिहून ठेवा, आम्हाला त्याची फार मदत होते. ज्याला द्याल त्याला दोनच प्रश्न विचारा, लिहिण्याआधी रॉम आणि एसएचा बॅकअप घेणार का, आणि रोझवुडचा ट्रान्सलेटर रिजनरेट करणार का. पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही असं न अडखळता सांगणारा माणूस बघा. हेड गेलेला निघाला तर डिस्क उघडावी लागेल, ते काम मी करत नाही, त्याला धूळ नसलेली हवा आणि तशाच दुसऱ्या डिस्कमधून काढलेला डोनर हेड लागतो, ते मुंबई-पुण्याच्या लॅबमध्येच. तिकडं न्यायची वेळ आली तर कुरिअर करू नका, कोकण रेल्वेने कुणीतरी जाणारं बघा आणि हातातल्या पिशवीत, अँटिस्टॅटिक कव्हर आणि चारी बाजूंनी दोन बोटं जाडीचा फोम घालून पाठवा. बाहेरची प्लॅस्टिकची केस आणि तिच्यातला यूएसबीचा छोटा बोर्ड सोबत द्या, वडिलांनी कधी पासवर्ड लावला होता का तेही त्यांना विचारून ठेवा.

आणि कॅसेटी खरंच टाकून दिल्यात का ते एकदा माळ्यावर चढून बघा. बुरशी लागलेल्या कॅसेटमधूनसुद्धा साफ करून चित्र काढणारे लोक आहेत.